उतरवायची तारीख

श्रावणात आमचे आबा गेले. तेरवीच्या आत मंगरूळपीरच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. फोटो मोठ्या बाबांनी निवडला. चुलत बहिणीच्या लग्नातला, कारण आबा हसतायत असा घरात तेवढा एकच फोटो होता. फ्लेक्सवाल्याने शेजारी उभा असलेला माणूस कापून काढला, पण आबांच्या खांद्यावरची त्याची बोटं तशीच राहिली. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली 'शोकाकुल' आणि सव्वीस नावं. माझ्या नावापुढे 'इंजि.' लावलेलं.

तेरवी आटोपून मी पुण्याला परतलो. दिवाळीला आलो तेव्हा फ्लेक्स तिथेच होता, पण आबा अर्धेच दिसत होते. त्याच बांबूंना कोणीतरी एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. भाऊंचा खांदा आबांच्या गालावर आला होता. भाऊंचा वाढदिवसही होऊन महिना उलटला होता.

"उतरवून टाकू," मी घरी म्हणालो.

आजी म्हणाली, "कायले काढतं रे बाबू? येता-जाता दिसतेत ना ते लोकाईले. राहू दे."

मी गप्प बसलो. पण पुढचे आठ दिवस गावात फिरताना लावलेलं सगळं वाचत गेलो. शिकवणी वर्गांची पत्रकं, 'प्लॉट विकणे आहे', बोअरवेलवाल्याचा नंबर, मूळव्याधीवरचा खात्रीशीर इलाज, बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेची आणि दर्ग्याच्या उर्साची फाटलेली पोस्टरं, नगर परिषदेच्या सूचना, आणि सगळ्यांच्या वर वाढदिवस.

साहित्याच्या जागी याबद्दल कशाला लिहायचं, असं कोणी विचारेल. आपण कवितासंग्रहाची समीक्षा करतो, वेबसिरीजची करतो. पण आमच्या तालुक्यात सगळ्यात जास्त वाचला जाणारा मराठी मजकूर बांबूला बांधलेला असतो किंवा खांबाला चिकटवलेला असतो. त्याचे लेखक आहेत, वाचक आहेत, ठरलेले साचे आहेत. नसते ती समीक्षा. म्हणून मी या मजकुराला तीन साधे प्रश्न विचारायचं ठरवलं. हे कोणी लिहिलं? यात कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही? आणि हे कधी उतरणार?

तीन मजली मजकूर

वाढदिवसाचा फ्लेक्स नीट बघा. तो तीन मजली असतो. वरच्या मजल्यावर देव किंवा महापुरुष, त्यांच्याखाली गोल चौकटींत नेते, पदाच्या उतरंडीने. मधल्या मजल्यावर भाऊ. पूर्ण उंचीचे, हात जोडलेले नाहीतर फोन कानाला लावून चालत येणारे. तळमजल्यावर शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट फोटोच्या मापात.

मजकूर म्हणून वाचायला गेलं तर यात एकच वाक्य असतं, आणि त्याला क्रियापद नसतं: 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' बाकी सगळी नावं आणि चेहरे. शुभेच्छा भाऊंना असल्या तरी वाचक भाऊ नाहीत. वरच्या गोलातल्या साहेबांनी बघावं की भाऊंच्या मागे इतकी पोरं आहेत, म्हणून तो लावलेला असतो. आणि तळातल्या पोरांनी स्वतःचा फोटो शोधावा, त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवावा, म्हणूनही. फ्लेक्स म्हणजे हजेरीपट आहे. चौकातून दूध घेऊन जाणाऱ्या बाईसाठी त्यात एकही शब्द नाही. तिची फक्त वाट अडते.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स याच साच्यातून निघतो, हे मला आबांच्या वेळी कळलं. पार्श्वभूमीवर ढग येतात, दोन बाजूंना समया येतात, 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल' येतं. तळमजला तसाच राहतो.

दिवाळीच्या त्या आठ दिवसांत मी आमच्या फ्लेक्सचा तळमजला पहिल्यांदा नीट वाचला. सव्वीस नावं. मुलं, नातू, पुतणे, पुतण्यांची मुलं, दोन मित्रमंडळं. त्यात आजीचं नाव नव्हतं. माझ्या दोन्ही आत्यांचं नव्हतं. आईचं, काकूचं नव्हतं. ज्या चुलत बहिणीच्या लग्नातून तो फोटो कापला, तिचंही नव्हतं. सव्वीस शोकाकुलांमध्ये एकही बाई नव्हती. आबांच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांना जेवू घालणं, फिरवणं, रात्री उठून बघणं हे सगळं घरातल्या बायकांनी केलं. मी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करत होतो आणि माझं नाव 'इंजि.'सकट पहिल्या ओळीत होतं.

हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मोठ्या बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नावं पाठवली, फ्लेक्सवाल्याने टाकली. छापण्याआधी मलाही दाखवलं होतं आणि मी फक्त माझ्या नावाची वेलांटी तपासली. साचा इतका पाठ झालेला असतो की काय गाळलंय ते दिसत नाही.

फळ्याची शिस्त

फ्लेक्सच्या आधी गावोगावी फळा होता. मुंबईच्या चाळींत, गणेश मंडळांच्या दारात, पक्षांच्या शाखांबाहेर, शाळांच्या व्हरांड्यात. वरती 'वार्ताफलक' किंवा 'सुविचार', खाली खडूने लिहिलेल्या चार ओळी. फळ्याबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. त्यावरही गटबाजी होती, आणि खडू कोणाच्या हातात, यात जातही होती. पण त्या वस्तूच्या घडणीतच एक शिस्त होती. नवं लिहायचं तर जुनं पुसावं लागायचं, आणि पुसताना ते डोळ्यांखालून जायचं. हे पुसू का, असा प्रश्न निदान एका माणसाला पडायचा. जागा मर्यादित, म्हणून शब्द मोजके. पाऊस आला की सगळं कोरं.

कागदाच्या पत्रकात यातली अर्धी शिस्त गेली, कारण पुसायची गरज उरली नाही. आधीच्या कागदावर खळ फासली की काम झालं. तरी कागद उन्हापावसात दोन महिन्यांत विरघळतो. फ्लेक्स विरघळत नाही. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर असलेलं ते कापड असतं. ते फिकं होतं, फाटतं, पण जात नाही. त्याला उतरवायला माणूसच लागतो, आणि तो माणूस कोण हे फ्लेक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या कामात आम्ही तात्पुरती साठवलेली माहिती ठेवतो तेव्हा तिला सोबतच मुदत देतो. मुदत संपली की ती आपोआप पुसली जाते. मुदत द्यायला विसरलं तर काही दिवसांनी लोकांना जुनीच माहिती खरी म्हणून दिसू लागते. चौकात उभं राहून मला वाटलं, हे पूर्ण गाव मुदत न दिलेल्या माहितीने भरलंय. होऊन गेलेल्या यात्रा, भरून गेलेल्या प्रवेशाच्या जागा, जुने वाढदिवस, गेलेली माणसं.

तीन दिवसांत स्वच्छ होणारं गाव

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ सालचा आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय लोकांच्या नजरेसमोरच्या जागी जाहिरात लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या २०११ च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलक हटवण्याचे सविस्तर आदेश दिले.

त्यानंतरही माणसं मेली. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत स्कूटरवरून घरी निघालेल्या २३ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअर मुलीच्या अंगावर दुभाजकावरचा एक बॅनर पडला. ती रस्त्यावर पडली आणि मागून टँकर आला. बॅनर एका राजकीय कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा होता. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ जण गेले. परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांना मिळते. ते होर्डिंग सुमारे १२० बाय १२० फुटांचं होतं. चौकातला बांबूचा फ्लेक्स आणि लोखंडी होर्डिंग यांची बरोबरी मी करत नाही. पण दोन्हींच्या मागे एकच समजूत आहे: लावणं माझं काम, पुढचं गाव बघेल.

आणि गावाला ते बघता येतच नाही, असंही नाही. निवडणूक जाहीर झाली की आयोगाच्या सूचनेनुसार परवानगीविना लावलेला राजकीय प्रचार सरकारी इमारतींवरून २४ तासांत, बसस्थानकं, रस्ते, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत आणि खासगी जागांवरून ७२ तासांत उतरवावा लागतो. आणि तो उतरतो. आचारसंहितेच्या पहिल्या आठवड्यात आपलं गाव किती रुंद आहे हे बघून आपण चकित होतो. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारक आहे. म्हणजे कोणी लावलं आणि कधी उतरणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे तयार आहेत. फक्त ती निवडणुकीपुरती वापरायची असं आपण ठरवलंय.

तिसरी गोष्ट जागेची. बर्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकात भिंती-झाडांवर असेच वाटेल तसे कागद चिकटत होते. अर्न्स्ट लिटफास नावाच्या मुद्रकाने शहराच्या परवानगीने १८५५ मध्ये जाहिरातींसाठी गोल खांब उभे केले, सुरुवातीला शंभर. कागद लावायचा तर खांबावर, भिंतीवर नाही. धंदा त्याचाही झाला, पण शहराला ठरलेली जागा मिळाली. आपल्याकडे तालुक्याच्या गावात साध्या माणसाच्या कागदासाठी अशी ठरलेली जागा मी पाहिलेली नाही. बैल हरवला, खोली भाड्याने द्यायची आहे, शिवणक्लास सुरू केलाय, अशा माणसाने कागद लावायचा कुठे? तो विजेच्या खांबावर लावतो, आणि चार दिवसांत त्यावर भाऊ येतात. रीत पाळा असं त्याला सांगण्याआधी त्याला जागा द्यायला हवी.

आबांचा दुसरा फलक

त्याच आठवड्यात मोठ्या बाबांसोबत तलाठी कार्यालयात जायचा योग आला. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण घरी कोणी तसं म्हणत नाही. आबांच्या शेतीची वारस नोंद करायची होती. अर्ज आधीच दिला होता आणि नोटीस फलकावर लागली होती.

जमिनीच्या मालकीत बदल व्हायचा असला की तलाठी तो फेरफार नोंदवहीत घेतो. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावं लागतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. सरकारी भाषेत याला 'डकवणे' म्हणतात. नोटीस डकवली की गावाला कळलं, असं कायदा धरून चालतो.

फलकापाशी गेलो तर आमची नोटीस दिसेना. एका शिकवणी वर्गाचं रंगीत पत्रक वर चिकटवलेलं होतं. ते हळूच उचललं तेव्हा खाली साधा पांढरा कागद निघाला. शिक्का, फेरफार क्रमांक, तारीख, सही, हरकतीची मुदत. आणि वारसांची नावं: आजी. मोठे बाबा. माझे बाबा. मोठी आत्या. लहान आत्या.

मी तो कागद दोनदा वाचला. चौकातल्या आठ बाय दहाच्या फ्लेक्सवर ज्यांना जागा मिळाली नाही, त्या तिघी या वीतभर कागदावर होत्या. आम्ही प्रेमाने, मनाप्रमाणे, पैसे मोजून जे लिहिलं त्यात त्या नव्हत्या. कायद्याने लिहायला लावलं तिथे होत्या. त्यातही आजीचं नाव सगळ्यात वर.

समीक्षक म्हणून मला विचाराल तर आबांवरचा चांगला मजकूर तोच होता. त्यात एकही विशेषण नव्हतं. कोणी लिहिलं ते होतं, कोणाबद्दल ते होतं, कोणापर्यंत पोचायचं ते होतं आणि कधीपर्यंत तेही होतं. त्याची शैली रुक्ष आहे, कारण त्याला वाचकाचं काहीतरी देणं आहे. वाचक भांडायला येऊ शकतो, हे गृहीत धरून तो लिहिलेला आहे. फ्लेक्सने वाचकाला कधी भांडायला बोलावलेलं नाही.

आणि म्हणूनच त्यावर चिकटवलेलं ते पत्रक मला एवढं लागलं. चिकटवणाऱ्या पोराला काही माहीत नसणार. त्याला हातातली शंभर पत्रकं संपवायची होती आणि समोर फलक दिसला. पण त्या पंधरा दिवसांत कोणाची तरी बहीण, जिचं नाव गाळलंय, माहेरी आली असती, फलक बघून गेली असती आणि तिला कळलं नसतं. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तो हक्क प्रत्यक्षात अनेकदा अशाच एका कागदावर टांगलेला असतो. दुसऱ्याच्या कागदावर आपला कागद लावू नये, ही शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची शिस्त वाटते. चावडीत तिची किंमत एकरांत असते.

मी नोटिशीचा फोटो काढून दोन्ही आत्यांना पाठवला. लहान आत्याचा लगेच फोन आला.

"आमचं नाव हाये काय रे त्याच्यात?"

"हाये आत्या. दोघीचंबी."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं झालं दाखवलं."

घरी येताना मोठे बाबा म्हणाले की हक्कसोडपत्राचं नंतर बघू. ते बोलणं अजून व्हायचं आहे, आणि ते कागद डकवून होणार नाही. पण ते होईल तेव्हा आत्यांना सगळं माहीत असेल.

मग फोनवर का नाही?

यावर एक सोपा उपाय सुचतो: सगळं फोनवर टाका. महसूल विभागाने ते केलंही आहे. 'आपली चावडी' नावाने फेरफाराच्या नोटिसा आता ऑनलाइन दिसतात. कुठेही बसून बघता येतात. ज्याला बघायचं सुचलं त्याला.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मुदतीचा प्रश्न सुटलाय. स्टेटस २४ तासांत जातं. पण ग्रुपवर महत्त्वाची सूचना सकाळच्या फुलांखाली गाडली जाते, म्हणजे शिकवणीच्या पत्रकाचंच काम तिथे सुप्रभात करतं. आणि ग्रुप हा फलक नव्हे. फलकासमोरून कोणीही जाऊ शकतं, ग्रुपमध्ये मात्र कोणीतरी घ्यावं लागतं.

जपानमध्ये वस्तीवस्तीत 'काइरानबान' नावाची पद्धत आहे. सूचनांची एक पाटी घराघरांतून फिरते. वाचून सही किंवा शिक्का करायचा आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायची. लोकांना ती कटकटही वाटते. पण तिथे 'लावलं' म्हणजे 'कळवलं' असं धरत नाहीत. कळलं की नाही, ते प्रत्येक दारात विचारलं जातं. आपल्याला पाटी फिरवायची गरज नाही. पण कागद लावताना तो वाचणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येईल.

म्हणून पत्रक लावणाऱ्या माझ्या वयाच्या कोणालाही मी एवढंच सांगेन. आधी फलक वाचा, मग लावा. खालच्या कागदाची तारीख उलटलेली नसेल तर त्याला हात लावू नका, आणि सरकारी नोटिशीच्या जवळही जाऊ नका. आपलं नाव लिहा. ज्यांच्या वतीने बोलताय त्यांची नावं त्यांना विचारून घ्या आणि कोण राहिलं ते बघा. आणि कोपऱ्यात उतरवायची तारीख टाका. ती आली की खुर्ची घेऊन स्वतः जा.

सुडीवर

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. शेतात सोयाबीनची सुडी लागलेली, मळणीयंत्राचा नंबर दोन दिवसांनी होता आणि ताडपत्री पुरत नव्हती. अशा वेळी आमच्याकडे जुने फ्लेक्स शोधतात. वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात ऑक्टोबरात फिरा, सुड्यांवर पुढारी झोपलेले दिसतील.

आजीच म्हणाली, "जा, घेऊन ये त्याईले."

मी आणि चुलतभाऊ चौकात गेलो. भाऊंचा फ्लेक्सही सोडला, कारण तो आमच्यावरच बांधलेला होता. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलंही नाही. बांबू उपटल्यावर खालचे खड्डे मात्र आम्ही बुजवले. शेतात दोन्ही फ्लेक्स सुडीवर टाकले तेव्हा आजी बांधावरून ओरडली, "आबांचं तोंड वर ठेवजो!" पाऊस रात्रभर पडला. सोयाबीन वाचलं.

येत्या श्रावणात वर्षश्राद्ध आहे. मोठे बाबा फ्लेक्स लावणारच, मी नको म्हणून ऐकणार नाहीत. या वेळी फाइल मी केली. फोटो तोच, पण खांद्यावरची बोटं काढली नाहीत. विचारल्यावर कळलं की तो हात लहान आत्याच्या नवऱ्याचा होता. मग त्यांनाही फोटोत राहू दिलं. नावांत आजी पहिली, आत्या, आई, काकू, बहिणी, मग आम्ही. 'इंजि.' काढलं. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: 'हा फलक पंधराव्या दिवशी उतरवला जाईल', आणि खाली तारीख.

फ्लेक्सवाला म्हणाला, "हे कायले टाकता भाऊ? असं कोणी टाकत नाही."

"टाका," मी म्हणालो. त्या दिवसाची सुट्टी मी आधीच मागून ठेवली आहे.